सव्वातीन किलोचा कपकेक

पोरीनं वाढदिवसाच्या केकची मागणी तोंडी केली नाही, चित्र काढून दिली. वहीच्या मधल्या जोडपानावर एक कपकेक, त्याच्या शेजारी ती स्वतः, आणि दोघांची उंची सारखी. आमच्या धंद्यात ड्रॉइंग हातात आलं की पहिल्यांदा स्केल बघायचं असतं. विचारलं, ‘हे स्केल बरोबर आहे का गं?’ म्हणाली, ‘हो पप्पा, मी मोजलो.’ (कोल्हापूरच्या मुली ‘मी मोजलो’, ‘मी गेलो’ असंच बोलतात. तिच्या पुण्याच्या मावशीनं सुधारायचा प्रयत्न करून बघितला. आता मावशीच अधूनमधून ‘मी आलो’ म्हणते.)

मग घासाघीस झाली. पोरीएवढ्यावरून कमरेएवढा, कमरेवरून गुडघ्याएवढा, आणि शेवटी ‘बसलेल्या बाहुलीएवढा’ यावर सौदा ठरला. बाहुली बसवून मोजली. २० सेंटिमीटर. पोरीला सात वर्षं पूर्ण होणार होती, वाढदिवस मे महिन्यातल्या रविवारी येत होता, हाताशी तीन आठवडे होते. बेकरीत सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पण त्या आधीच्या वर्षी बेकरीतून आणलेल्या केकवर तिचं नाव चुकलं होतं आणि ते ती विसरायला तयार नव्हती. ‘ह्यावेळी आपण घरी करूया,’ असं मी म्हणून बसलो. बायकोनं माझ्याकडे नुसतं बघितलं. तिनं मला आयुष्यात एकदाच स्वयंपाक करताना पाहिलं आहे, आणि त्या दिवशी आम्ही रात्री बाहेर जेवलो होतो.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेथडिंगला आहे. म्हणजे बिडाचं कास्टिंग ओतताना रस कुठून घालायचा, रायझर (आकसताना लागणारा जादा रस पुरवणारा साठा) कुठं ठेवायचा, कोर (आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा गाभा) कसा बसवायचा, जाड भागात पोकळी राहू नये म्हणून काय करायचं, हे ठरवणं माझं काम. वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळं साच्यात काहीतरी ओतायचं आणि ते घट्ट झालं की बाहेर काढायचं, एवढ्याशा कामाला मी घाबरेन असं मला वाटलं नव्हतं.

साचा ऑनलाइन मागवला. सिलिकॉनचा, दोन भागांचा. खालचा भाग कपासारखा, कडेनं चुण्या पाडलेला. वरचा भाग क्रीमच्या गोल गोल वेटोळ्यासारखा, शेंड्याला निमुळता. पॅटर्नशॉपमधला (साच्यासाठी वस्तूचे नमुने बनवतात तिथला) माझा एक मित्र म्हणाला होता, ‘मागवतोस कशाला भावा, लाकडी पॅटर्न करून देतो, ॲल्युमिनियममध्ये ओतून टाकू.’ मोह झाला. पण भंगारातून वितळवलेल्या ॲल्युमिनियममध्ये काय काय मिसळलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यात पोरांच्या खाण्याची वस्तू भाजायला माझं मन झालं नाही.

साचा आल्यावर त्यात पाणी भरून मोजलं. खालचा भाग १ लिटर ७०० मिलिलिटर, वरचा १ लिटर १०० मिलिलिटर. केक फुगतो म्हणून साचा दोनतृतीयांशच भरायचा, म्हणजे सगळं मिळून जवळजवळ १९०० मिलिलिटर मिश्रण. त्यावरून उलटा हिशेब करून माप ठरवलं: अर्धा किलो मैदा, ४०० ग्रॅम बटर, ४५० ग्रॅम पिठीसाखर, आठ अंडी, दीडशे मिली दूध, व्हॅनिला. हलका, जाळीदार स्पंज मुद्दाम टाळला. एवढं वजन उभं राहायचं तर दाट बटर केकच हवा, नाहीतर वरचा भाग खालच्याला दाबून बसवणार. बेकिंग पावडर बायकोच्या नेहमीच्या प्रमाणानं चार चमचे होत होती.

पहिला केक ओव्हनमध्ये गेला तो १८० अंशांवर, कारण घरात सगळेच केक १८० अंशांवर होतात. ४५ मिनिटांनी वरून सुरेख बदामी रंग, मधोमध फुगून फुटलेला, पन्हाळ्याच्या टोकावर उभं राहिल्यासारखा दिमाख. टूथपिक घातली. कोरडी निघाली. पोरगी टाळ्या वाजवायला लागली.

गार करून उलटा केला आणि साचा सोलला, तर कपाच्या बुडातून पिवळसर लापशी ओट्यावर आली. बाहेर दोन बोटं जाडीचा केक, आत कच्चा शिरा. टूथपिक जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर लांब असते आणि माझा केक दहा सेंटिमीटर खोल होता, हे तेव्हा लक्षात आलं. टूथपिकनं खोटं सांगितलं नव्हतं. ती पोचलीच नव्हती. फाउंड्रीत चौदाशे अंशांचा रस थर्मोकपलनं मोजणारा माणूस शंभराच्या आतल्या तापमानाला फसला, ही बातमी बायकोनं त्याच संध्याकाळी माझ्या भावाला फोनवर दिली.

रात्री वही घेऊन बसलो. आमच्याकडे एक जुना नियम आहे, ख्वोरिनोव नावाच्या चेक इंजिनिअरनं १९४० मध्ये मांडलेला. कास्टिंग घट्ट व्हायला लागणारा वेळ हा त्याचं आकारमान भागिले पृष्ठफळ, या आकड्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. धातूतून उष्णता बाहेर जाते, केकमध्ये आत येते, पण वाट तीच. साधा कपकेक साधारण सहा सेंटिमीटर रुंद आणि चार उंच धरला तर भागाकार येतो ०.८६. माझ्या साच्याचा खालचा भाग येतो २.०८. म्हणजे जवळपास अडीच पट, आणि वर्ग केला की सहा पटीच्या आसपास. लहान कपकेक वीस मिनिटांत होतो, तर हा त्याच आचेवर दोन तास मागणार. मी दिली होती ४५ मिनिटं.

हे काही घड्याळ लावून पाळायचं गणित नाही. केक म्हणजे बीड नव्हे, तो फुगतो, त्यातलं पाणी उडतं, अर्धवट भाजला की त्याचे गुण बदलतात. पण मोठा कपकेक म्हणजे लहान कपकेक झूम केलेला, असं जे माझ्या डोक्यात बसलं होतं, ते त्या रात्री निघून गेलं. खरं तर नावातच गोची आहे. कपकेक हा शब्दच मुळात लहानशा कपात भाजलेल्या केकवरून आलाय. १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या पाककृतींच्या एका पुस्तकात छोट्या कपांमध्ये भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. पुढं मापं कपानं घ्यायची म्हणूनही केकला हे नाव पडलं. कपात मावतो, म्हणून पटकन होतो. तो कप बादलीएवढा केला की पटकन होण्याचं कारणच संपलं.

दुसरा केक दीडशे अंशांवर, दोन तास. मिश्रण कमीच केलं, फक्त खालच्या भागापुरतं, कारण आमच्या २८ लिटरच्या ओटीजीत (ओट्यावरच्या छोट्या ओव्हनमध्ये) दोन्ही साचे शेजारीशेजारी बसत नाहीत आणि बेकिंग पावडर घातलेलं मिश्रण दोन तास बाहेर थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. या खेपेला टूथपिक नाही, आईची स्वेटर विणायची सुई उकळून घेतली. मधोमध बुडापर्यंत घातली. कोरडी. साचा सोलला, आत कच्चं काही नाही. पण कडेचा इंचभर भाग खारीसारखा झाला होता. चहात बुडवून खाल्ला तर बरा लागत होता, एवढंच. आणि आकार? सिलिकॉन मऊ असतं. किलोवर मिश्रणाच्या वजनानं साच्याचं पोट सुटलं होतं. आमच्याकडे मोल्डिंग नीट ठोकलं गेलं नाही की रसाच्या दाबानं वाळू मागं सरते आणि कास्टिंग फुगतं, त्याला स्वेल म्हणतात. मी पुरवठादारांना स्वेलबद्दल कडक मेल लिहितो. माझा कपकेक सरळसरळ स्वेल होऊन आला होता, लग्नानंतर दोन वर्षांनी नवरे दिसतात तसा.

आई इतके दिवस काही बोलली नव्हती. ती बैठकीत बसून टीव्ही बघते आणि स्वयंपाकघरात काय चाललंय ते वासावरून सांगते. दुसरा केक चहाबरोबर संपवताना तिनं विचारलं, ‘कुकरात का करत न्हाईस?’

लहानपणी आमच्याकडे केक कुकरमध्येच व्हायचा. शिट्टी काढायची, झाकणाचं रबर काढायचं, तळाला वाळूचा थर, वर भांडं, आणि मंद गॅसवर तासभर. वाळू पंचगंगेची, चाळून, धुऊन, उन्हात वाळवून एका डब्यात वर्षानुवर्षं ठेवलेली. डब्यावर चुन्यानं ‘केक’ लिहिलेलं होतं, त्यामुळं घरी आलेल्या पाहुण्यांनी तो डबा दोनदा तरी उघडला असेल. वाळू कशाला, तर आच एका जागी न लागता सगळीकडून सारखी लागावी म्हणून. मी फाउंड्रीत लागलो तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, ‘तिकडची चांगली वाळू आण की थोडी.’ तिला समजवावं लागलं की आमच्या वाळूत बेंटोनाईटची माती असते, दगडी कोळशाची भुकटी असते, ती काळी असते आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. ‘मग काय उपयोगाची,’ म्हणाली.

तर त्या दिवशी ती उठली, माळ्यावरून स्टूल लावून (मला हात लावू दिला नाही) तिचं केकचं जुनं भांडं काढलं. ॲल्युमिनियमचं, गोल, काळं पडलेलं, आणि मधोमध बुडापासून वर आलेली नळी. माझ्यापुढं ठेवलं. ‘ह्या नळीचं काम काय असतंय सांग.’

मी त्या नळीकडे बघत बसलो. लहानपणापासून त्या भांड्यातला केक खाल्ला, मध्ये भोक का असतं असा प्रश्न कधी पडला नाही, केकला असतंच असं वाटायचं. ‘मधी विस्तू पोचाय नको?’ आई म्हणाली आणि परत टीव्हीपुढं जाऊन बसली.

कोर. वीस वर्षं मी कोर बसवतोय.

उद्यमनगरात माझ्या एका मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. शुद्ध ॲल्युमिनियमचा नवा बार त्याच्याकडे होता. त्याचा निमुळता शंकू काढून घेतला: खाली ४० मिलिमीटर व्यास, वर २५, उंची ११० मिलिमीटर. मिश्रणाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर डोकं बाहेर राहायला हवं होतं, म्हणजे ओव्हनची गरम हवा त्याला लागेल आणि उष्णता आत उतरेल. टेपर का, तर केक उलटा केला की रुंद बाजू वर येते आणि शंकू सरळ उपसून निघतो. पॅटर्नला आम्ही ड्राफ्ट देतो तो याचसाठी. मित्रानं सवयीनं कूलंटची नळी फिरवली तेव्हा मी ओरडलोच, ‘कोरडं मार, खायचं काम आहे!’ त्यानं लेथ थांबवून विचारलं, नक्की काय बनवतोयस. सांगितल्यावर फिनिशिंगचा एक कट जास्तीचा मारला, ‘पोरीच्या वाढदिवसाचं आहे म्हणून’. पैसे घेतले नाहीत. शंकू घरी आणून साबणानं घासला, पातेल्यात उकळला, पुन्हा घासला. अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरला. साच्याचं पोट सुटू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक पट्टाही त्यानंच कापून दिला, टोकाला नट-बोल्ट लावून. साच्याभोवती बांधायचा, किंचित आवळायचा.

तिसरा केक शनिवारी. वाढदिवस रविवारी. चौथ्याला जागा नव्हती.

बेकिंग पावडर या वेळी तीनच चमचे धरली, दोन्ही भागांत मिळून. जितका केक मोठा तितका त्याचा मधला भाग उशिरा घट्ट होतो, आणि तोवर तो फुगत राहिला तर शेवटी आधार नसल्यानं खाली बसतो. त्यामुळं मोठ्या भांड्याला पावडर प्रमाणात कमी लागते. हे मी कुणाकडून ऐकलं नव्हतं, पहिल्या केकच्या फुटलेल्या डोक्यावरून ताडलं आणि नंतर वाचलं तेव्हा बरोबर निघालं. शंकूला बटर फासून, मैदा भुरभुरून, ओव्हनमध्येच दहा मिनिटं तापवला. सांडशीनं उचलून साच्याच्या मधोमध उभा केला, भोवती मिश्रण ओतलं. १६० अंश, खालची जाळी, वेळ सव्वापाच.

सहा वाजता पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. मे महिन्यात कोल्हापुरात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. आधी धूळ, मग खिडक्यांची आदळआपट, मग मातीचा वास, आणि वळवाचा पहिला टपोरा थेंब पडायच्या आत लाईट गेली. घड्याळ बघितलं: बासष्ट मिनिटं झाली होती. ओव्हनचा लाल दिवा विझलेला. पोरगी रडायच्या बेतात. बायको म्हणाली, ‘अहो, बघा तरी उघडून झालाय का.’

‘कुणीही दार उघडायचं नाही,’ मी म्हणालो. कास्टिंग ओतून झाल्यावर घाईनं साच्याचा बॉक्स फोडला की काय होतं ते मी रोज बघतो. जाड वस्तू एकदा तापली की उष्णता सोडायला वेळ घेते. आतला अडीचशे ग्रॅमचा शंकू अजून तापलेलाच होता, केकही तापलेला. दार उघडलं असतं तर तेवढं सगळं एका झटक्यात गेलं असतं. आम्ही चौघं मेणबत्ती लावून ओटीजीसमोर बसलो. बाहेर गारा पडत होत्या. आई म्हणाली, गॅसवर कुकर ठेवला असता तर लाईटचा प्रश्नच नव्हता. हे वाक्य ती अजूनही म्हणते.

पंचवीस मिनिटांनी लाईट आली. आणखी वीस मिनिटं भाजला. विणायची सुई चार ठिकाणी घातली, शंकूच्या अगदी लगत, कडेला, आणि दोन्हींच्या मध्ये. चारही वेळा कोरडी. केकचं डोकं मध्यावर किंचित बसलं होतं, पण तिथं पट्टी लावून सपाट कापायचंच होतं, त्यामुळं ते काही मोजलं नाही. तासाभरानं केक उलटा केला. शंकू थोडा फिरवला आणि वर ओढला. तो निघताना जो बारीकसा ‘फक्’ असा आवाज आला, तसा समाधानाचा आवाज मी फाउंड्रीत ऐकलेला नाही. आत भोकापासून कडेपर्यंत एकसारखा पिवळा, कुठं ओल नाही, कुठं खारी नाही.

वरच्या भागाला कोर लागला नाही. तो निमुळता, त्याचं पृष्ठफळ भरपूर. ताजं मिश्रण करून त्याच आचेवर पाऊण तासात झाला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि कापडाचे पडदे हलत होते. वळवानं लाईट घालवली खरी, पण हवा अशी गार करून दिली की सजावट वाचली. बटर बत्तीस-पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळतं. आदल्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातच छत्तीस होते. त्या हवेत बटरक्रीमचं वेटोळं घातलं असतं तर सकाळी ताटात खीर मिळाली असती.

कपाचा कागद आम्ही चॉकलेटचा केला, खाता येईल असा. कंपाउंड चॉकलेट घेतलं, कारण त्यात कोकोबटरऐवजी वनस्पती तूप असतं आणि ते टेंपर करायची, म्हणजे ठरावीक तापमानांतून फिरवायची, कटकट नसते. चारशे ग्रॅम, गुलाबी रंगाचं, पाण्याच्या वाफेवर वितळवून त्याच सिलिकॉनच्या साच्याला आतून ब्रशनं फासलं. दहा मिनिटं फ्रीजमध्ये, पुन्हा एक हात, पुन्हा दहा मिनिटं, असे तीन हात. काठाला जाडी कमी राहते, तिथं चौथा. साचा सोलला की चुण्यांसकट गुलाबी कप हातात. इथं एक गोची मला आधी सुचायला हवी होती. केक ज्या साच्यात भाजला त्याच साच्याचा हा कप. मग त्यात तोच केक मावणार कसा? केक गार होताना कडेनं थोडा आकसतो, पण कपाच्या भिंतीएवढा नाही. बिडाच्या पॅटर्नला आम्ही आकसण्यासाठी साधारण एक टक्का वाढ देतो आणि मशीनिंगसाठी वेगळी. इथं वाढ नव्हे, तूट हवी होती. ब्रेडच्या सुरीनं सगळ्या बाजूंनी अर्धा सेंटिमीटर तासला. तासलेलं सगळं पोरगी आणि तिचा चुलतभाऊ उभ्याउभ्या खात होते.

कोरचं भोक भरायचं राहिलं होतं. बायको म्हणाली क्रीम भरू. पोरगी म्हणाली, ‘मी जेम्स भरतो.’ दोन मोठी पाकिटं आत गेली, वर केकचीच एक चकती बूच म्हणून. फाउंड्रीत कोरमुळं राहणारी पोकळी म्हणजे त्या वस्तूचा उपयोग असतो, पाईप असो की इंजिनाचा ब्लॉक. इथं तर ती पोकळी म्हणजे गुपित झालं.

क्रीमला अर्धा किलो बिनमिठाचं बटर आणि सातशे ग्रॅम आयसिंग शुगर. आई घरचं लोणी देत होती, पण त्यात पाण्याचा अंश जास्त, क्रीमला घाम फुटतो. रंग जेलचा घेतला, पातळ रंग घातला की क्रीम फाटतं. कोन मी धरला आणि पहिल्याच वेटोळ्याला ते गोगलगाईसारखं दिसलं. बायकोनं कोन काढून घेतला. तिचा हात मेंदीवर बसलेला आहे. गल्लीतल्या निम्म्या नवऱ्यांची नावं तिनं त्यांच्या बायकांच्या तळहातांवर लिहिली आहेत. पण मेंदीचा कोन दोन बोटांत मावतो आणि मोठ्या चांदणी नोझलचा कोन मनगटापासून दाबावा लागतो. तिनं दिशा द्यायची, मी मागून पिशवी पिळायची, अशी जोडी जमली. खालून वर, साच्याच्या मूळ वेटोळ्याच्या रेषेवर रेषा ठेवत. मध्येच ती म्हणाली, ‘थांबा.’ मी थांबलो, पण क्रीम थांबलं नाही. दाब सोडला तरी पिशवीतला आधीचा दाब बाहेर येतच राहतो. त्या ठिकाणी एक गाठ आली. तिच्यावर नंतर आम्ही एक जेम्सची गोळी चिकटवली.

आता मोठ्या वस्तूची खरी गंमत. आम्ही आधी वर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या टाकून बघितल्या. लांबून बघितलं तर एकदम केक ‘लहान’ दिसेना, ‘मोठा’ही दिसेना, नुसता केक दिसायला लागला. बारीक गोळ्यांनी डोळ्याला खरं माप कळत होतं. त्या सगळ्या टिपून काढल्या आणि त्यांच्या जागी जेम्स लावल्या. झाला कपकेक. म्हणजे सगळंच एका पटीनं वाढवायला हवं. मग वरची चेरी? खरी चेरी त्या डोंगरावर मुंगीसारखी दिसली असती. आईनं न सांगता रव्याचा लाडू वळला, मोसंबीएवढा, जरा जास्त तूप घालून घट्ट. तो उरलेल्या कंपाउंडमध्ये लाल रंग घालून बुडवला. देठाला दालचिनीची काडी. रात्री बारा वाजता ती चेरी शेंड्यावर बसवली, फ्रीजचा मधला कप्पा काढून टाकला आणि तिथं त्या धुडाला आत सरकवलं. सकाळी वजन केलं. तीन किलो दोनशे चाळीस ग्रॅम. रद्दीवाल्याच्या काट्यावर नाही हो, घरच्याच.

रविवारी संध्याकाळी बारा-तेरा पोरं. केक बघून एकानं विचारलं, ‘हा खोटा आहे ना?’ पोरगी अशी काही खूश झाली की तिनं त्याला स्वतःहून पहिला तुकडा देऊन टाकला. पण तुकडा कापायचा कसा हे आम्ही ठरवलंच नव्हतं. चॉकलेटच्या कपाला सुरी लागेना, घसरायची. शेवटी आईनं खलबत्त्यातला बत्ता आणला आणि पोरीच्या हातात दिला. तिनं दोन्ही हातांनी उचलून मारला. गुलाबी भिंत फुटली, मी आडवी सुरी फिरवली, पहिला मोठा तुकडा ओढला, आणि आतून जेम्स खळकन ताटात, ताटातून टेबलावर, टेबलावरून फरशीवर. पुढची पाच मिनिटं केककडे कुणीही बघितलं नाही. सगळी पोरं टेबलाखाली होती.

चेरीवरून भांडण झालं. लाडू चार वाटे करून दिला.

एका आईनं जाताना विचारलं, आमच्या पोराच्या मुंजीला असाच एक करून द्याल का, पैसे घ्या. बायको माझ्या आधी ‘नाही’ म्हणाली. मित्रानं लेथवर फोटो चिकटवलाय, खाली स्केचपेननं लिहिलंय ‘कोर: आमच्याकडे’. शंकू घासून स्वयंपाकघराच्या खणात ठेवला होता, पुढच्या वर्षासाठी. गेल्या महिन्यात शोधला तर सापडेना. मग आईकडे दिसला. बत्त्यानं वेलदोडे नीट कुटले जात नाहीत म्हणे, ह्यानं बारीक होतात.